'जशीच्या तशी' : एका जुन्या मोटारीच्या विक्रीच्या निमित्ताने

१

गेल्या वर्षी आषाढात प्रवरेच्या कालव्याकाठच्या एका गावासंबंधी मला फोन आला. फोन करणारे गृहस्थ पुण्यात नोकरीला, वयाने माझ्याहून थोडे लहान. गावाकडच्या घरी आजोबांच्या वेळची एक अमेरिकन मोटार आहे, ती विकायची आहे, जाहिरातीचा मजकूर तयार आहे, तुम्ही त्यात 'जरा इतिहास घालून' द्याल का, असे त्यांनी विचारले. मजकूर त्यांनी मोबाइलवर पाठवला :

'विकणे आहे. १९५२ची अमेरिकन आलिशान मोटार, डॉज किंग्जवे. पहिल्यापासून एकाच घरात. इंजिन कधी उघडलेले नाही. जशीच्या तशी.'

इतिहास घालायला माझी ना नव्हती. पण या दोन ओळींत चार दावे आहेत आणि चारही तपासल्याशिवाय त्यांत काही घालणे मला पटेना. माझी पात्रता विचाराल तर बारावी पास. नगरला मोटारीच्या सुट्या भागांच्या एका दुकानात मी तीस वर्षे काउंटरवर होतो. इंग्रजी वाचायला शिकलो ते पार्ट-कॅटलॉगांवरून. रद्दीत जाणारी जुनी आरसी बुके, गॅरेजची बिले, मालकांच्या माहितीपुस्तिका मी साठवत गेलो आणि त्यातून हा नाद लागला. (जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, बोलताना आमच्या तोंडी अजून 'नगर'च येते, ते वाचकांनी चालवून घ्यावे.)

मी कळवले, 'आधी गाडी पाहतो, मग लिहितो.' तिथून पुढे जे समजत गेले ते इथे मांडतो आहे. गाव, घर आणि माणसांची नावे मुद्दाम देत नाही. गाडीचे नाव मात्र द्यावेच लागेल, कारण पहिला घोळ त्या नावातच आहे.

२

'अमेरिकन आलिशान मोटार' हे शब्द पहिल्यांदा घेऊ.

अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्यांची एक उतरंड होती. सर्वांत खाली आणि सर्वांत स्वस्त प्लिमथ, तिच्यावर डॉज, मग डी सोटो आणि माथ्यावर क्रायस्लर. परदेशांतल्या डॉजच्या विक्रेत्यांना कमी किमतीची एखादी गाडी हवी असे. त्यांच्यासाठी कंपनीने सोपी युक्ती काढली. प्लिमथचाच सांगाडा घ्यायचा, पुढची जाळी आणि नावाची अक्षरे बदलायची, की झाली डॉज किंग्जवे. तीच गाडी डी सोटोच्या विक्रेत्याकडे गेली की तिचे नाव डिप्लोमॅट. देह एक आणि नावे तीन. म्हणजे किंग्जवे ही मुळात अमेरिकेतल्या पगारदार माणसाची, शाळामास्तराची किंवा दुकानदाराची गाडी. समुद्र ओलांडल्यावर ती आलिशान झाली.

ती इथे आली कशी, हेही पाहण्यासारखे आहे. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला मोटारी जोडायचा कारखाना काढला. पाठोपाठ फोर्डही आली. त्या काळी सुटे भाग खोक्यांत भरून बोटीने येत आणि इथे त्यांची गाडी जोडली जाई. देशात मोटार 'बनवायची' ही ओढ मात्र विश्वेश्वरय्या आणि वालचंद हिराचंद यांची. वालचंदांनी क्रायस्लरशी बोलणी केली, युद्धकाळातल्या सरकारी अनास्थेशी झुंज दिली आणि १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज, प्लिमथ आणि डी सोटो ही नावे मराठी माणसाच्या तोंडी बसली ती प्रामुख्याने कुर्ल्यामुळे. पुढे १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनचा अहवाल आला. ज्यांची इथे उत्पादन करायची योजना नाही त्यांनी नुसती जोडणी करत राहू नये, असे सरकारचे धोरण ठरले. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. प्रीमियर टिकली, पण तिचा भर हळूहळू लहानशा फियाटवर गेला. मोठ्या अमेरिकन गाड्यांचा आपल्याकडचा काळ हा असा तोकडा आहे.

आता नगर जिल्हा. जिल्ह्याचा दक्षिण भाग पावसाच्या तोंडाकडे पाहणारा. उत्तरेत मात्र १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, प्रवरेच्या कालव्यांना पाणी आले आणि उसाचे मळे उभे राहिले. आधी खासगी साखर कारखाने आले. मग विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीला शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना उभा राहिला. त्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१चा. त्या सुमारास ज्या थोड्या बागाईतदारांच्या हाती उसाचा आणि गुळाचा पैसा खेळू लागला, त्यांच्यापैकी एक या घरचे आजोबा. मुंबईला गूळ विकायला गेले आणि मोटार घेऊन आले, असे घरात सांगतात.

तीच गाडी का घेतली असेल, याचे उत्तर मला आत बसल्यावर मिळाले. क्रायस्लर कंपनीचे तेव्हाचे प्रमुख के. टी. केलर यांचा आग्रह असे की माणसाला डोक्यावरची हॅट न काढता गाडीत बसता आले पाहिजे. इतर कंपन्यांच्या गाड्या बुटक्या आणि लांबुडक्या होत चालल्या होत्या, तेव्हा क्रायस्लरच्या गाड्या उंचच राहिल्या. अमेरिकेत पुढे त्याबद्दल केलरना नावे ठेवली गेली. पण डेट्रॉइटमध्ये हॅटसाठी ठेवलेली ती वीतभर जागा प्रवरेच्या काठी फेट्याच्या कामी आली. शिवाय तळाचा भाग जमिनीपासून उंच असल्यामुळे बैलगाडीच्या चाकोरीत गाडी टेकत नसे. मागच्या बाकावर चार माणसे आणि दोन पोरे मावत. साडेतीन लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन चिखलातून सावकाश पण हमखास बाहेर काढी.

तेव्हा 'आलिशान' हा दावा मी राहू दिला. आलिशानपणा गाडीत जेवढा असतो तेवढाच ती जिथे उभी असते त्या गावातही असतो. फक्त त्याखाली एक ओळ जोडली : 'प्लिमथच्या सांगाड्यावरची निर्यातीची आवृत्ती, मुंबईत जोडलेली.' घरातल्या पत्र्याच्या पेटीत मुंबईचे खरेदीचे बिल होते आणि त्यावर प्रीमियर ऑटोमोबाइल्सचे नाव स्पष्ट होते. 'पहिल्यापासून एकाच घरात' हा दावाही त्याच बिलाने सिद्ध झाला.

३

जुनी गाडी पाहणे हे बरेचसे पोथी पाहण्यासारखे असते. आमच्याच जिल्ह्यात नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तीनशे वर्षांत तिच्या प्रतींमध्ये इतके पाठभेद शिरले की १५८४ साली एकनाथांना ती शुद्ध करायला बसावे लागले. मूळ शब्द कोणता, नकलाकाराची चूक कोणती, मागाहून घुसवलेले काय, हे निवडताना नुसत्या श्रद्धेवर भागत नाही. गाडीचेही तसेच आहे. वरचा रंग म्हणजे फार तर पोथीचा रुमाल.

गोठ्याला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये गाडी होती. वर गोधड्या आणि त्यावर ताडपत्री. सोबत मी नगरचे एक वयस्क मिस्त्री नेले होते. त्यांना सगळे 'उस्ताद' म्हणतात. नगर हे तसे चाकांचे गाव आहे. इथे चिलखती दलाचे केंद्र आहे, रणगाड्यांचे संग्रहालय आहे. आज वाहननगरला जी लष्करी वाहनांची संशोधन संस्था आहे तिचे मूळ रावळपिंडीजवळच्या चकलाल्याचे. फाळणीच्या वेळी, १९४७ मध्ये, ती नगरला आली. उस्तादांचे वडील लष्कराच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते आणि उस्ताद त्यांच्या हाताखाली शिकले. अशा घरांतून शिकलेली माणसे नगरला होती, म्हणून बाहेरचे भाग बंद झाल्यावरही असल्या गाड्या चालत राहिल्या.

तपासणी कशी करतात ते थोडक्यात सांगतो. वाचकांपैकी कुणाच्या गावाकडच्या घरी अशी गाडी असेल तर उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट पत्रा. फडक्यात गुंडाळलेले लहान लोहचुंबक पत्र्यावरून फिरवायचे. पत्रा असेल तिथे ते धरते. पोचे बुजवायला पुट्टी जाड भरली असेल तिथे घसरून पडते. आमचे चुंबक उजव्या मागच्या मडगार्डवर दोनदा पडले, बाकी सगळीकडे धरले. पत्रा मूळचा होता.

दुसरी गोष्ट रंग. बाहेरचा रंग कुणीही बदलतो. म्हणून दाराच्या बिजागरीमागे, डिकीच्या रबराखाली आणि पायातल्या मॅटखाली पाहायचे. बाहेर गाडी क्रीम रंगाची होती, रबराखाली गडद हिरवी. म्हणजे निदान एकदा तरी पूर्ण रंग झाला होता.

तिसरी गोष्ट मैलांचा आकडा. त्या काळच्या मीटरला पाचच खाने. ९९,९९९ झाले की पुन्हा शून्य. त्यामुळे 'फक्त एकतीस हजार मैल चाललेली' या वाक्याला अर्थ नाही. त्यापेक्षा ब्रेकच्या पायट्याचे रबर आणि ड्रायव्हरच्या बाजूची दाराची कड किती झिजली आहे ते पाहावे. इथे पायट्याचे रबर गुळगुळीत होते.

चौथी गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटली. त्या काळच्या क्रायस्लरच्या गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांचे बोल्ट उलट्या आट्यांचे असत. चाक फिरताना ते सैल होऊ नयेत, असा हेतू. ज्याला हे माहीत नाही तो नेहमीच्या दिशेने जोर लावतो. बोल्ट सुटायच्या ऐवजी आवळत जातो आणि शेवटी तुटतो. या गाडीच्या डाव्या मागच्या चाकाचे दोन बोल्ट तुटलेले होते आणि तिथे वेगळेच बोल्ट ठोकून बसवले होते. उस्ताद बसल्या जागी म्हणाले, "जुना मिस्त्री गेला, त्यानंतरचं काम आहे हे." घरात विचारले तेव्हा तसेच निघाले. गाडी सांभाळणारे मिस्त्री वारले होते आणि पुढच्याच पावसाळ्यात तालुक्याच्या एका पोराने चाक काढायचा प्रयत्न केला होता.

वायरिंगही बदललेले होते. मूळच्या तारांवर सुती विणीचे आवरण असे, इथे प्लास्टिकच्या तारा होत्या. बॅटरी मात्र अजून सहा व्होल्टची आणि तिचे धन टोक सांगाड्याला जोडलेले, म्हणजे आजच्या गाड्यांच्या उलटे. ते कुणी बदलले नव्हते याचे उस्तादांना कौतुक वाटले.

४

उरला तिसरा दावा. 'इंजिन कधी उघडलेले नाही.'

हे इंजिन आजच्या इंजिनापेक्षा फार साधे. झडपा सिलिंडरच्या डोक्यावर नसतात, शेजारी, ठोकळ्यातच उभ्या असतात. त्यामुळे वरचे हेड म्हणजे जवळजवळ नुसते सपाट झाकण. मिश्रण दाबण्याचे प्रमाण कमी, सातास एक एवढेच, त्यामुळे हलके पेट्रोलही ते पचवी. ताकद कमी, पण तक्रार नाही. हीच इंजिनाची जात थोड्याफार फरकाने डॉज आणि फार्गोच्या ट्रकांतही वापरत. आमच्या गोष्टीत ही बाब महत्त्वाची आहे.

इंजिनाचा नंबर ठोकळ्याच्या डाव्या अंगाला, पुढच्या बाजूस, हेडच्या खाली एका सपाट उंचवट्यावर ठोकलेला असतो. तिथला मेणचट थर रॉकेलच्या फडक्याने पुसला आणि पहिले अक्षर दिसले : टी. त्या काळच्या क्रायस्लरच्या पद्धतीत 'टी' म्हणजे ट्रक. १९५१-५२च्या प्लिमथच्या इंजिनांवर 'पी-२३' अशी खूण असते. डॉजच्या मोटारीवर 'डी'ने सुरू होणारी. 'टी' मोटारीच्या इंजिनावर असूच शकत नाही.

उस्तादांनी न बोलता हेडवर टेप धरला. पंचवीस इंच. त्या इंजिनांचे दोन ठोकळे होते, एक साधारण तेवीस इंची आणि दुसरा पंचवीस इंची. दिसायला सारखेच. अमेरिकेत बनलेल्या प्लिमथ-डॉज मोटारींना तेवीस इंची; कॅनडात बनलेल्या गाड्यांना आणि मोठ्या इंजिनांना पंचवीस इंची. मग त्यांनी रेडिएटरकडे बोट केले. तो मूळ जागेपासून दोन इंच पुढे सरकवून बसवला होता, जुनी भोके शेजारी तशीच होती. इंजिन लांब, म्हणून पंख्याला जागा करून दिलेली. काम इतके नेटके की मी एकट्याने पाहिले असते तर नजरेतून सुटले असते.

मी पेटीतले आरसी बुक काढले. पहिल्या पानावर इंजिनाचा नंबर वेगळाच होता.

आता हे प्रकरण साधे राहिले नाही. पुस्तकातला नंबर आणि गाडीवरचा नंबर जुळत नसेल तर गाडी चोरीची आहे की काय, इथपर्यंत शंका जाते. विक्री अडते, विमा अडतो. चिरंजीव पुण्याहून फोनवर होते. ते म्हणाले, "सर, हे लिहायलाच हवं का? घेणारा काही टेप लावून बघणार नाही." त्यांचे अगदी चूक होते असे मी म्हणणार नाही. आईच्या गुडघ्यांचे ऑपरेशन करायचे होते आणि त्यासाठी ही विक्री होती. मी म्हणालो, "घेणारा आज बघणार नाही, पण नोंदणीच्या वेळी इन्स्पेक्टर बघेल. तेव्हा तुम्ही दिलेला कागद खोटा ठरेल."

इतका वेळ घरातल्या काकू ओट्यावर बसून आमचे ऐकत होत्या. वय पंचाहत्तरच्या पुढे. त्या म्हणाल्या, "अहो भाऊ, मी लग्न होऊन आले त्या साली गाडीला ट्रकाचं काळीज बसवलं, असं सासरे सगळ्यांना सांगायचे. यात लपवायचं काय आहे?"

"कोणतं साल, काकू?"

"अडुसष्ट."

आरसी बुकाची मागची पाने कुणी उलटत नाही. मीही उलटली नव्हती. मागून दुसऱ्या पानावर जांभळ्या शिक्क्याखाली शाईची नोंद होती : इंजिन बदलले, नवा नंबर अमुक, सही, तारीख. नंबर 'टी'ने सुरू होणारा. साल १९६८.

इंजिन बदलले तर नोंदणी अधिकाऱ्याला कळवून पुस्तकात नोंद करून घ्यावी लागते, हा नियम तेव्हाही होता. खेड्यातल्या एका बागाईतदाराने जिल्ह्याच्या ठिकाणी खेप घालून ती केली होती. त्या चार ओळींनी छप्पन्न वर्षांनी गाडी वाचवली.

५

गिऱ्हाइके दोन होती. एक नगरचे मंडप-डेकोरेशनवाले. त्यांना गाडी लग्नाच्या वरातीसाठी हवी होती. पांढरी रंगवायची, डिझेल इंजिन टाकायचे, टप कापून नवरा-नवरीला उभे राहता येईल असे करायचे. रक्कम त्यांची जास्त होती. दुसरे मुंबईचे एक संग्राहक. रक्कम कमी, आणि प्रश्न पुष्कळ.

इथे कायदा समजून घेणे भाग पडले. केंद्र सरकारने १५ जुलै २०२१ रोजी जुन्या वाहनांसाठी मोटार वाहन नियमांत भर घातली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुने, मूळ स्वरूपात राखलेले आणि सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेले दुचाकी किंवा चारचाकी वाहन 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्याने नोंदवल्यास 'व्हीए' ही अक्षरे असलेली मालिका मिळते. आधी नोंदणी झालेल्या गाडीला तिचा जुना नंबर राखता येतो. नोंदणी शुल्क २०,००० रुपये, प्रमाणपत्राची मुदत दहा वर्षे, पुनर्नोंदणीला ५,००० रुपये. अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, तांत्रिक संशोधनाला, इंधन भरायला किंवा दुरुस्तीला रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराला किंवा धंद्याला नाही. म्हणजे भाड्याच्या वरातीला ती नेता येणार नाही. त्याच वर्षी जुनी वाहने मोडीत काढण्याचे धोरणही आले. एका हाताने मोडीत आणि दुसऱ्या हाताने जतन. मधली रेषा कागदांची आहे.

अर्जाला काय लागते? फॉर्म २०, विम्याची पॉलिसी, शुल्क, जुने आरसी बुक, आणि गाडी थेट आयात केलेली असेल तर जकातीची कागदपत्रे. या घरात आणखी एक अडचण होती. पुस्तक अजून आजोबांच्याच नावावर. मालक वारल्यावर वारसाने तीन महिन्यांत कळवून फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची असते. गावाकडे सात-बारावर वारसाची नोंद लावायला सगळे धावतात, गाडीच्या पुस्तकावर लावायला कुणी जात नाही. आजोबांच्या मागे काकूंचे यजमान, तेही गेलेले. दोन पिढ्यांचे मृत्यूचे दाखले, बाकीच्या वारसांच्या संमती, प्रतिज्ञापत्रे यांत चार महिने गेले. ही वणवण चिरंजीवांनी केली, रजा टाकून केली, ते इथे नोंदवले पाहिजे.

संग्राहकांनी इंजिनाबद्दल ऐकून किंमत कमी केली. ते स्वाभाविक होते. 'मोठा फेरफार' यात हे इंजिन मोडते का, हा निर्णय नोंदणी अधिकाऱ्यांचा. त्याच जातीचे, त्याच कंपनीचे, अधिकृत नोंद असलेले इंजिन, एवढे आमच्या बाजूने मांडता येत होते. ते म्हणाले, "तेवीस इंची मूळ इंजिन शोधून बसवलं तर?" मी म्हणालो, "बसवता येईल. पण ते या गाडीचं मूळ इंजिन नसेल. दुसऱ्याच गाडीचं असेल. हे ट्रकाचं इंजिन मात्र पन्नासाहून जास्त वर्षं याच गाडीचं आहे."

या वाक्यापाशी येईपर्यंत मला स्वतःलाच ते नीट उमगले नव्हते. 'जशीच्या तशी' म्हणजे कारखान्यातून आली त्या दिवसासारखी, असे आपण धरून चालतो. त्या अर्थाने चालती गाडी कधीच जशीच्या तशी नसते. टायर, पट्टे, ब्रेकचे रबर बदललेच पाहिजेत. ज्या गाड्यांना हात लागला नाही त्यांतल्या बहुतेक गंजून भंगारात गेल्या. आपल्यापर्यंत पोचल्या त्या हात लागलेल्या. १९६०च्या दशकात परदेशी भाग मिळेनासे झाले, तेव्हा मोटारीचे इंजिन मिळेना म्हणून एका मिस्त्रीने ट्रकाचे बसवले, रेडिएटर दोन इंच सरकवला, आणि मालकाने तशी नोंद केली. तसे झाले नसते तर विकायला आज काही उरलेच नसते. तेव्हा प्रश्न 'काय बदलले' हा नाही. काय, केव्हा, कुणी आणि का बदलले हे सांगता येते की नाही, हा आहे. सांगता आले तर तो गाडीचा इतिहास. लपवले तर तीच गोष्ट फसवणूक होते.

बदल अजून थांबलेले नाहीत. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. जुन्या रबराच्या नळ्या, पेट्रोल पंपाचा पडदा, बुचाच्या लाकडाची पॅकिंगे त्याने फुगतात आणि विरतात. गाडी बरेच दिवस उभी राहिली तर टाकीत पाणी धरते. उस्तादांनी नळ्या आणि पडदा इथेनॉल सोसणारे बसवले. आमच्या जिल्ह्यातले साखर कारखाने हे इथेनॉल बनवतात. उसाच्या पैशाने आलेली गाडी आता उसाच्याच अर्काला सोसवेल अशी करून घ्यावी लागली. ही दुरुस्तीही मी यादीत लिहिली.

६

जाहिरातीचा मजकूर शेवटी मी असा करून दिला : 'विकणे आहे. १९५२ची डॉज किंग्जवे, मुंबईत जोडलेली. पहिल्यापासून एकाच घरात. खरेदीचे बिल व आरसी बुक उपलब्ध. १९६८ मध्ये त्याच जातीचे ट्रकाचे इंजिन बसवले, तशी अधिकृत नोंद आहे. झालेल्या सर्व दुरुस्त्यांची यादी सोबत.' 'आलिशान' हा शब्द चिरंजीवांच्या आग्रहावरून 'डॉज किंग्जवे'च्या आधी पुन्हा आला. माझी हरकत नव्हती.

यादी तेवीस नोंदींची झाली. पत्रा, रंग, वायरिंग, सीटचे लाल रेक्झिन, तुटलेले दोन बोल्ट, सगळे. जिथे साल माहीत होते तिथे साल लिहिले, जिथे अंदाज होता तिथे 'अंदाजे' लिहिले.

डेकोरेशनवाल्यांचा आकडा शेवटपर्यंत वरच होता. मायलेकरांत त्यावर बोलणे झाले असणार. मी त्यात पडलो नाही. दिवाळीच्या आधी काकूंनी मला बोलावून घेतले आणि गाडी मुंबईला द्यायची ठरवल्याचे सांगितले. "टप कापायचा म्हणतो तो," एवढेच कारण त्यांनी दिले. ऑपरेशनला थोडे कमी पडत होते, ते चिरंजीवांनी घातले. तुळशीचे लग्न झाल्यावर त्यांचे दोन्ही गुडघे झाले. आता काठी घेऊन चालतात.

यादीची प्रत त्यांना वाचून दाखवली तेव्हा त्यांनी एकच दुरुस्ती सुचवली. इंजिनाच्या नोंदीपुढे मी 'स्थानिक मिस्त्रीकडून' असे लिहिले होते.

"त्यांना नाव होतं की," काकू म्हणाल्या.

त्यांनी नाव सांगितले. मी 'स्थानिक मिस्त्री' खोडले आणि ते नाव लिहिले. तो कागद आता आरसी बुकासोबत गाडीच्या खणात आहे.